अर्धा किलोच्या आत

लाल खूण आली तेव्हा मी दाढी करत होतो. अर्ध्या गालावर साबण, डाव्या हातात फोन. आरशासमोर फोन घेऊन उभं राहायची सवय वाईट, असं ही रोज बजावते. पण आदल्या दिवशी पोचलेल्या पार्सलांवर लोकांनी काय लिहिलंय ते पाहिल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही. दोन हजार तीनशे अकरा हिरव्या खुणा. शंभर टक्के. सात वर्षांत एक माणूस नाराज नाही. आणि त्या सगळ्यांच्या डोक्यावर ही एक लाल. खाली लिहिलं होतं, 'झाकणाचे दोन तुकडे मिळाले. पोस्टेज एकशे ऐंशी घेतलं, पार्सलावर तिकीट एकशे दहाचं. उरलेल्या सत्तरात थोडा कागद तरी घालायचा होता.' मी तीनदा वाचलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, शिवीला उलटून बोलता येतं. हे असं शांतपणे, जागच्या जागी पूर्णविराम देऊन लिहिलेलं. गालावरचा साबण वाळून कातडी ओढायला लागली तेव्हा लक्षात आलं, नळ सुरू आहे आणि वस्तरा त्याच्याखाली धरून मी नुसताच उभा आहे. शंभराच्या जागी नव्याण्णव पूर्णांक नऊ झालं होतं. बाहेरून ही म्हणाली, "अहो, टाकी रिकामी करायचीय का?"

मी झाकणं विकतो. लोकांना हसू येतं. व्याही एकदा म्हणाले, "आणि बाकीच्या भांड्याचं काय करता?" बाकीचं भांडं लोकांच्या घरी असतं, हीच तर गंमत आहे. किटली वर्षानुवर्षं टिकते, साखरेचं भांडं टिकतं. फुटतं ते झाकण. आणि झाकण फुटलं म्हणून भांडं टाकवत नाही. ते वरच्या फळीवर जातं, त्यावर एक बशी पालथी पडते, आणि घरातलं कुणीतरी मनात धरून बसतं की कधीतरी मिळेल. त्यांच्यासाठी मी आहे. चिनीमातीच्या कारखान्यात मी सत्तावीस वर्षं तपासनीस होतो. पट्ट्यावरून भांडी पुढे सरकायची आणि मी प्रत्येकावर नखानं टिचकी मारायचो. धड असेल तर ते वाजतं, तडा असेल तर नुसता बद्द आवाज येतो. डोळ्यांना न दिसणारा तडा माझ्या कानाला कळायचा. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा गोदामातला सुटा माल वजनावर काढला. बाकीच्यांनी कप नेले, बश्या नेल्या. माझा नंबर लागेपर्यंत झाकणं उरली होती. चौदा खोकी. ही दारात उभी राहून म्हणाली, "लोकांचे नवरे निवृत्त होतात तेव्हा घड्याळ घेऊन येतात." मग लेकीनं लिलावाच्या साइटवर माझं खातं उघडून दिलं. झाकणाचा फोटो टाकायचा, आठवडाभर बोली लागते, ज्याची सगळ्यात वर त्याला झाकण. पोस्टेज वेगळं, ते आधीच लिहून ठेवायचं. मी सरसकट एकशे ऐंशी लिहितो. पोस्टाचा दर अर्धा किलोच्या आत असेल तर एकशे दहा, ग्रॅमभर जरी वर गेलं तर एकशे ऐंशी. आणि हिचं पॅकिंग असं की पार्सल अर्ध्या किलोच्या वर जातंच.

पॅकिंग हिचं. यात मी कधी लुडबुड केली नाही, असं मी सगळ्यांना सांगतो. जेवणाच्या टेबलावर जुनं चादरीचं फडकं अंथरून ती बसते, झाकण आधी मऊ कागदात, मग रद्दीत, मग लहान खोक्यात, लहान खोकं मोठ्या खोक्यात आणि दोघांच्या मध्ये चुरगळलेल्या रद्दीचे गोळे, सहाही बाजूंनी. गोळा किती घट्ट चुरगळायचा याचंही तिचं शास्त्र आहे. फार घट्ट केला की दगड होतो, सैल राहिला की बसतो. मग ती खोकं कानाशी धरून हलवते. आत हूं की चूं झालं नाही की माझ्याकडे सरकवते. पत्ता घालणं, वजन करणं आणि शेवटची चिकटपट्टी मारणं माझं. लोक अभिप्रायात तिच्यासाठीच लिहितात, पॅकिंग बघून उघडायला जीव होईना, म्हणून. ते मी तिला मोठ्यानं वाचून दाखवतो. ती म्हणते, "पुरे हो," आणि दुसऱ्या मिनिटाला म्हणते, "पुन्हा वाचा."

त्या सकाळीही तिनं विचारलं, "काय लिहिलंय?" मी टेबलाशी बसलो होतो, एक गाल गुळगुळीत, एक खरखरीत. वाचून दाखवायची सवय अशी जडलेली की तोंडातून आपोआप सुरू झालं, "झाकणाचे दोन तुकडे मिळाले." आणि मी थांबलो. पुढचं वाक्य वाचलं नाही. तिचा चष्मा स्वयंपाकघरात होता. "बस, एवढंच," मी म्हणालो. तिनं कप खाली ठेवला. तिला वाईट वाटेल, राग येईल, पोस्टवाल्यांना ती दोन शब्द ऐकवेल, असं मला वाटत होतं. तिनं त्यातलं काही केलं नाही. दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिली. "मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "सकाळची बोटं जड असतात हल्ली. गोळे नीट बसत नसणार माझे." मी म्हणालो, "अगं, पोस्टात आपटलं असेल कुणी." ती म्हणाली, "सात वर्षं पोस्टात आपटतातच की. आत्ताच कसं फुटलं?" याला माझ्याकडे उत्तर होतं. ते तेव्हाच, तिथेच, चहा गार व्हायच्या आत द्यायला हवं होतं.

उत्तर असं. पार्सलाचं वजन पाचशे बत्तीस ग्रॅम भरलं होतं. मी वरच्या बाजूचे चार गोळे काढले, काटा चारशे अठ्ठ्याण्णववर आला, आणि मी चिकटपट्टी मारली. इतकंच. एकदाच. ते दोन-तीन दिवस मी स्वतःला हेच सांगत होतो की एकदाच. घाई होती, पोस्ट बंद व्हायची वेळ झाली होती. पण पोस्ट पाचला बंद होतं आणि मी नेहमीप्रमाणे अकराला गेलो होतो. बरं, एकदाच नाही, कधीमधी. महिन्यातून दोन-तीनदा, जेव्हा वजन अगदी काठावर असतं तेव्हा. काठावरच्या गोष्टी मला बघवत नाहीत, पहिल्यापासूनचा स्वभाव. पोस्टातल्या काउंटरवरची बाई पार्सल काट्यावर ठेवायची आणि म्हणायची, "चारशे सत्त्याण्णव! झाकणवाले, तुमच्या घरी सोनाराचा तराजू आहे का?" मागची रांग हसायची. मला त्याचं सुख व्हायचं हे कबूल केलं पाहिजे. कारखाना सुटल्यापासून माझ्या कामाकडे बघून कुणी वाहवा म्हटलं असेल तर या बाईनंच. आणि ते सत्तर. पोस्टाशेजारी एक कॉफीचं दुकान आहे, तिथे खिडकीशी उंच स्टूल आहे. सत्तरात एक कॉफी येते. हातातलं पार्सल देऊन झालं की मी तिथे अर्धा तास बसतो, कामावरून मधल्या सुट्टीत बाहेर पडलेल्या लोकांमध्ये, मलाही परत कुठेतरी जायचं असल्यासारखा. घरातून रोज अकराला निघून बाराला परतणाऱ्या माणसाला एवढं तरी हवं, असं मला वाटायचं. हिला मी सांगत असे, पोस्टात रांग होती.

लेकीला फोन केला तेव्हा मात्र सगळं वाचून दाखवलं. म्हणजे लिहिलेलं सगळं. गोळ्यांचं नाही. ती अशा बाबतीत वकिलाला भारी. "बाबा, तुम्ही कशाला घाबरताय? पोस्टेज आधीच लिहिलेलं होतं ना? मग त्यावरची तक्रार नियमात बसतच नाही. साइटला कळवा, काढून टाकतात."

"पण झाकण फुटलं होतं, बाई."

"त्याचे पैसे परत करतो म्हणा. त्या बाईनं मागितलेत का?"

मागितले नव्हते. मीच खरेदीदाराला निरोप पाठवला होता, चूक झाली, पूर्ण रक्कम परत करतो. रात्र उलटायच्या आत उत्तर आलं. 'पैसे नकोत. आईचं साखरेचं भांडं होतं. सहा वर्षं शोधत होते, आता शोधणार नाही.' यातलं 'पैसे नकोत' एवढंच मी लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "बघा, पैसेसुद्धा नकोत, म्हणजे नुसती खोडी काढायचीय. सत्तरासाठी एवढं लिहायचं म्हणजे कमाल आहे लोकांची. आईला पोस्टेजचं काही बोलू नका, उगाच जिवाला लावून घेईल." हे सांगायला ती नसती तरी मी बोललो नसतोच; पण तिनं सांगितल्यावर न बोलण्याला एक कारण मिळालं. दुपारी मी साइटला अर्ज लिहिला. पोस्टेज जाहिरातीत स्पष्ट नमूद होते, खरेदीदाराने ते मान्य करून बोली लावली होती. यात एक अक्षर खोटं नव्हतं. मी ते पुन्हापुन्हा तपासलं आणि दर वेळी ते धड निघालं, फक्त वाजत नव्हतं.

त्या दिवसांत मला कारखान्यातला बुटक्या आठवत राहिला. माझ्याच पट्ट्यावरचा तपासनीस. पाळी संपायला दहा मिनिटं होती आणि त्यानं तीन पेट्या टिचकी न मारता पुढे ढकलल्या. मी पाहिलं आणि वर कळवलं. त्याला तपासणीतून काढून भट्टीवर पाठवलं. भट्टीवर पाठवलेला माणूस परत पांढऱ्या कोटात येत नसे. जाताना तो मला म्हणाला, "कुणी मेलं का?" मला तेव्हा त्याची कीव आली होती. घरी येऊन हिला मी ताठ मानेनं ते सगळं सांगितलं होतं, आणि ती म्हणाली होती, "तुमच्यासमोर उभं राहायचं म्हणजे भीतीच वाटते हो." थट्टेनं म्हणाली होती. पण मला ते आवडलं होतं, आणि पुढे माहेरच्यांत, शेजारीपाजारी, तिनं ते कितीदा तरी सांगितलं, की आमच्या ह्यांच्या नजरेतून खोट सुटत नाही आणि ह्यांच्या तोंडून खोटं निघत नाही. ते ऐकून ऐकून मलाही ते पाठ झालं.

हिनं पॅकिंग सोडलं. तसं जाहीर काही केलं नाही. दुसऱ्या दिवशी टेबलावर फडकं अंथरलं नाही, एवढंच. दोन पार्सलं जायची होती. मी विचारलं तर म्हणाली, "तुम्हीच करा या वेळी, माझ्यानं आणखी एक फुटायला नको." मी केलं. गोळे दगडासारखे झाले. खोकं कानाशी धरून हलवलं तर आत काहीतरी सरकत होतं. सगळी रद्दी कोंबून पार्सल घेऊन गेलो तेव्हा काउंटरवरची बाई काट्याकडे बघून म्हणाली, "सहाशे दहा? झाकणवाले, आज बरं नाही का?" मागे कुणी हसलं नाही. मी एकशे ऐंशी भरले आणि कॉफीच्या दुकानासमोरून सरळ घरी आलो. दारातून पाहिलं तर ही ओट्याशी उभी होती. हातात पाण्यानं काठोकाठ भरलेला ग्लास, हात लांब केलेला. पाणी हलतंय का ते बघत होती. माझी चाहूल लागताच तिनं तो तोंडाला लावला, जणू तहानच लागली होती.

तिच्या आईचे हात असेच गेले. म्हणजे आधी नुसते थरथरायला लागले, मग कप धरवेना, मग घास. शेवटची दोन वर्षं ही रोज संध्याकाळी बस पकडून आईला चमच्यानं भरवायला जायची आणि परत आल्यावर सिंकपाशी उभी राहून स्वतःचे हात खूप वेळ धुवायची. एकदा मी म्हणालो होतो, "काय लागलंय एवढं?" ती म्हणाली होती, "काही नाही, माझे आहेत ना ते बघतेय." हे मला माहीत होतं. मला माहीत नसतं तर गोष्ट वेगळी होती. रात्री ती पाठ करून झोपायची आणि पांघरुणाखाली बोटं एकेक करून अंगठ्याला लावायची, पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं, आणि उलटं. मला पांघरुणाची ती बारीक हालचाल कळायची. तोंड उघडायचं आणि सांगायचं, चार गोळे मी काढले. दोन सेकंदांचं काम. मग ती विचारणार, का? आणि मग कॉफी, स्टूल, रांगेचं खोटं, एकदाच, कधीमधी, सगळं ओढत बाहेर येणार. उद्या सांगू, असं म्हणत मी रोज झोपेचं सोंग घेतलं. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "मी डॉक्टरची वेळ घेतलीय. तुम्ही येता का सोबत? एकटीला धीर होत नाही." मी म्हणालो, "येतो की." चपला घालताना तिला पट्टा लावता येईना. माझ्यादेखत तीनदा सुटला.

दवाखान्यात बसायला निळ्या खुर्च्या होत्या, एकमेकींना जोडलेल्या, त्यामुळे एकानं पाय हलवला की सगळी रांग हलायची. समोर एक म्हातारे गृहस्थ बसले होते आणि त्यांचा डावा हात मांडीवर आपल्या आपण काहीतरी मोजत होता. ही तिकडे बघत नव्हती. इतकं ठरवून बघत नव्हती की तिची मान अवघडली असणार. आत्ता सांगावं. आत जायच्या आधी सांगितलं तर आत जावंच लागणार नाही. मी घसा खाकरला आणि तेवढ्यात खिशात फोन थरथरला. साइटचा निरोप. 'आपली विनंती तपासण्यात आली. संबंधित अभिप्राय काढून टाकण्यात आला आहे.' मी पान उघडलं. दोन हजार तीनशे अकरा. शंभर टक्के. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. छातीवरून कुणीतरी उठून गेल्यासारखं वाटलं, आणि क्षणभर मला असंही वाटून गेलं की ते झाकण फुटलंच नव्हतं. "काय हो?" हिनं विचारलं. "ती लाल खूण गेली," मी म्हणालो. "काढली त्यांनी." ती हसली. पाच दिवसांत पहिल्यांदा. "बरं झालं बाई. माझ्यापायी तुमच्या नावाला बट्टा नको होता." मग नर्सनं हिचं नाव पुकारलं.

डॉक्टर लेकीच्या वयाची होती, केस वर बांधलेले, पेन त्यातच खोचलेलं. तिनं हिला खुर्चीत बसवलं, मला बाजूच्या स्टुलावर. "काय होतंय?" ही सांगायला लागली आणि तिनं झाकणापासून सुरुवात केली. "मी पॅकिंग करते. सात वर्षं. परवा पहिल्यांदा फुटलं."

"हातातून पडलं?"

"नाही, पोचल्यावर फुटलेलं निघालं. पण म्हणजे हातच ना. आईलाही माझ्या होतं."

डॉक्टरनं मान हलवली आणि काहीतरी लिहिलं. "डोळे मिटा. दोन्ही हात पुढे. बोटं पसरा."

तिनं हात पुढे केले आणि ते थरथरत होते. मी पाहिलं. पंधरा दिवसांपूर्वी हेच हात कागदाच्या गोळ्यात किती हवा ठेवायची ते न बघता ठरवत होते. आता बोटांच्या टोकांपासून मनगटापर्यंत बारीक, सतत थरथर, आणि तिच्या मिटलेल्या पापण्यासुद्धा. भीतीनं थरथरत होते की दुसऱ्या कशानं, हे मला कळेना. सत्तावीस वर्षं तडे ओळखले आणि हे कळेना.

"कागद मी काढला होता," मी म्हणालो.

डॉक्टरनं वळून बघितलं. "कसला कागद?"

"पार्सलातला. हिनं नीट भरला होता. वजन कमी व्हावं म्हणून मी काढला. म्हणून फुटलं. हिच्या हातांना काही झालेलं नाही." आवाज माझा नसल्यासारखा वर चढला होता. "आणि एकदाच नाही. रोज काढतो. पहिल्या वर्षापासून. गोळे पोस्टाबाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकतो. पोस्टेज जास्तीचं घेतो आणि उरलेल्याची कॉफी पितो."

हिनं डोळे उघडले. हात तसेच पुढे होते. ती माझ्याकडे बघत होती, आणि मी तयारीत होतो. रडली तरी, ओरडली तरी, उठून निघून गेली तरी. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मग तिचा चेहरा सैल झाला, लेक लहानपणी काहीतरी वेडंवाकडं चित्र काढून आणायची तेव्हा व्हायचा तसा.

"बघा कसे आहेत," ती डॉक्टरला म्हणाली. "अडतीस वर्षांत माझ्याशी एक शब्द खोटं बोलले नाहीत हो. आज बोलताहेत. मला धीर यावा म्हणून."

"अगं, खरं सांगतोय मी."

"असू दे. कळलं मला."

"तिनं लिहिलं होतं, त्या बाईनं. मी तुला अर्धंच वाचून दाखवलं. थांब." मी फोन काढला. अंगठा दोनदा घसरला. पान उघडलं, तिच्यासमोर धरलं, आणि धरल्यावर माझ्या लक्षात आलं. हिरव्या खुणा वरपासून खालपर्यंत ओळीनं उभ्या होत्या. तिनं डोळे बारीक करून वाचलं. "शंभर टक्के," ती डॉक्टरला म्हणाली, आणि एक थरथरता हात माझ्या गुडघ्यावर ठेवून तिनं तो हलकेच दाबला. "कॉफी पितात म्हणे. यांना कॉफी आवडतसुद्धा नाही."

"नशीबवान आहात," डॉक्टर तिला म्हणाली, आणि केसातलं पेन काढून तपासण्यांची यादी लिहायला लागली.